गोधडी : घरगुती उत्पादन आणि श्रमगणनेचा प्रश्न

बीजसंज्ञा : गोधडी, वाकळ, धावदोरा, स्वोपभोगासाठीचे उत्पादन, स्त्रियांचे विनामोबदला श्रम, कामदर

प्रस्तावना

महाराष्ट्रातील वस्त्रपरंपरेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम पैठणी, हिमरू अथवा सोलापुरी चादर यांकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. या वस्तूंना गाव आहे, माग आहे, व्यापारी आहे आणि म्हणून इतिहासही आहे. गोधडीला यांपैकी काहीच नाही. ती कोणत्याही गावात होते, तिला माग लागत नाही आणि परवापरवापर्यंत ती दुकानात मिळत नव्हती. एखादी वस्तू जवळजवळ प्रत्येक घरात निर्माण होत असेल, तर तिची निर्मिती कोणाच्याच नजरेत भरत नाही, असा काहीसा हा प्रकार आहे. प्रस्तुत लेखात गोधडीच्या निर्मितीप्रक्रियेचे विवेचन करून, तीत खर्च होणाऱ्या श्रमाची आपल्या आकडेवारीत काय व्यवस्था लागते, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. प्रस्तुत लेखिकेचा विषय अर्थशास्त्र असल्याने कलासौंदर्याच्या अंगाने येथे फारसे लिहिलेले नाही; त्या अंगाने लिहिणारे अधिक अधिकारी अभ्यासक आहेत.

शब्द आणि व्याप्ती

पश्चिम महाराष्ट्राच्या दक्षिण भागात ‘वाकळ’, अन्यत्र ‘गोधडी’, तान्ह्या मुलासाठी केलेले लहान ते ‘दुपटे’, अशी नावे आढळतात. कर्नाटकात हीच वस्तू ‘कौदी’ म्हणून ओळखली जाते. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानातील रल्ली ही याच कुळातील वस्त्रे होत. जुन्या कापडाचे थर एकमेकांवर ठेवून ते धावदोऱ्याने जोडणे, हे या सर्वांचे समान तत्त्व आहे. चिंध्यांच्या वस्त्राला आपल्याकडे वैराग्याचाही अर्थ आहे. बौद्ध भिक्षूंचे चीवर टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे जोडून करावे, असा संकेत होता आणि अलीकडच्या काळात संत गाडगेबाबांना (1876-1956) लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत, हे सर्वश्रुत आहे. तथापि संन्याशाने पांघरलेल्या गोधडीची नोंद झाली आणि संसारी स्त्रीने शिवलेल्या गोधडीची झाली नाही, एवढे येथे नमूद करावेसे वाटते.

निर्मितीची प्रक्रिया

गोधडीचे मुख्य द्रव्य म्हणजे सुती नऊवारी लुगडे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे भाग केले, की पावणेसात फुटांचे चार थर मिळतात. माणसाला पाय लांब करून झोपण्यास एवढी लांबी पुरते. लुगड्याचा पन्हा साधारणपणे चार फुटांचा असल्याने रुंदीसाठी वेगळा जोड द्यावा लागत नाही. एका लुगड्यात एक हलकी गोधडी बेतली जाते, हा योगायोग म्हणावा की पिढ्यांचा हिशेब, हे ठरविणे कठीण आहे. त्यात धोतराचे पान, जुने सदरे, मुलांचे झबले यांची भर पडते.

लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. नेसताना ताण व घर्षण जेथे अधिक तेथे ते विरते. काठ व पदर मात्र टिकून राहतात. म्हणून विरलेला भाग पोटात, धड भाग वरखाली आणि काठ कडेला, अशी मांडणी केली जाते. कापड अंगणात किंवा देवळाच्या सभामंडपात अंथरून, हाताने सुरकुत्या काढीत एकेक थर बसवितात. थर हलू नयेत म्हणून प्रथम लांब लांब कच्चे टाके घालतात. त्यानंतर कडेपासून आत, चौकटीत चौकट येईल अशा रीतीने किंवा एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरळ रेषेत धावदोरा चालतो. ही कामे मुख्यतः उन्हाळ्यात, शेतीची कामे थंडावल्यावर होत. घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व गोधड्या नदीवर नेऊन धुण्याची चाल अनेक गावांत आजही आहे. टाका पक्का आहे की नाही, हे त्या दिवशी कळते.

या टाक्याचे कार्य काय, याचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. विरलेल्या कापडाचा स्वतंत्रपणे विचार केला, तर ते ताण सहन करू शकत नाही, हाताने ओढले तरी फाटते. परंतु अशी पाच-सहा कापडे एकत्र धरून अर्ध्या-अर्ध्या इंचावर दोरा घातला, की ताण कोणत्याही एका धाग्यावर न पडता सर्व थरांत व दोऱ्यांत विभागला जातो. त्याचबरोबर दोन टाक्यांमध्ये थरांना किंचित फुगवटा येतो व तेथे हवा अडकते. गोधडीची ऊब मुख्यतः या अडकलेल्या हवेची असते. म्हणजे धावदोरा हा येथे अलंकार नसून रचनेचा आधार आहे. टाके विरळ झाले तर आतील थर सरकतात, धुतल्यावर गोळा होतात आणि गोधडीचे गाठोडे होते.

काही वर्षांपूर्वी आजीची एक गोधडी कोपऱ्यात उसवली, तेव्हा ती शिवण्यापूर्वी आत काय आहे हे पाहण्याचा मोह प्रस्तुत लेखिकेस आवरला नाही. वरचा थर गुलाबी फुलांच्या लुगड्याचा होता. तो आम्हां सर्वांना ठाऊक होता. त्याखाली हिरवे इरकली, त्याखाली आजोबांच्या धोतराचे पान आणि त्याखाली चक्क दुसरी गोधडी निघाली, तिच्या स्वतःच्या टाक्यांसह. ती जीर्ण झाल्यावर टाकून न देता तिलाच पोटात घेऊन नवी शिवलेली होती. घरातील कोणालाही याची कल्पना नव्हती. पुढील प्रश्न वस्तुतः येथूनच सुचले.

टाक्यांचा हिशेब

पावणेसात फूट लांब व चार फूट रुंद, म्हणजे 81 इंच गुणिले 48 इंच, अशी गोधडी घेऊ. दोन ओळींत अर्धा इंच अंतर धरले, तर धावदोऱ्याची एकूण लांबी 7,776 इंच, म्हणजे 216 वार भरते. चोवीस लुगडी एकापुढे एक पसरली तर होईल एवढी ही लांबी आहे. इंचाला तीन टाके धरल्यास टाक्यांची संख्या 23,328 होते. अनेक थरांतून सुई पार करणे, दोरा ओढणे व कापड सरकविणे यांसाठी टाक्यामागे सरासरी पाच सेकंद धरली, तर साधारण साडेबत्तीस तास लागतात. कापड निवडणे, धुणे, फाडणे, थर लावणे, सुईत दोरा ओवणे हे यात धरलेले नाही. जेवणे उरकल्यावर दुपारचे दोन तास मिळतात असे गृहीत धरले, तर सोळा-सतरा दुपारी एका गोधडीला द्याव्या लागतात. हे गणित आहे, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. टाक्याची गती हातागणिक बदलेल, परंतु परिमाण कोणत्या कोटीतले आहे, ते यावरून ध्यानात यावे.

गणनेतील स्थान

आता या साडेबत्तीस तासांची शासकीय आकडेवारीत काय व्यवस्था लागते, ते पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीनुसार (2008) कुटुंबाने स्वतःच्या वापरासाठी निर्माण केलेल्या वस्तू उत्पादनाच्या सीमेच्या आत येतात, स्वतःसाठी केलेल्या सेवा मात्र बाहेर राहतात. स्वयंपाक, धुणे, दुरुस्ती या सेवा, तर कापड विणणे व कपडे शिवणे हे उत्पादन. या व्याख्येने गोधडी निर्विवादपणे उत्पादनात यावयास हवी. पण त्याला एक अट आहे. त्या वस्तूच्या देशातील एकूण पुरवठ्यात घरगुती उत्पादनाचा वाटा लक्षणीय असला पाहिजे. ज्या वस्तूचा पुरवठा कोणी मोजलेलाच नाही, तिचा वाटा लक्षणीय आहे की नाही हे सिद्ध कसे करावयाचे?

आपल्या राष्ट्रीय नमुना पाहण्यांनी ही सीमा अधिक आखूड केलेली दिसते. स्वतःच्या वापरासाठी प्राथमिक वस्तूंचे, म्हणजे धान्य, दूध इत्यादींचे उत्पादन व स्थिर मत्तेची निर्मिती एवढ्याच बाजारबाह्य कामांना त्यांनी आर्थिक कार्य मानले. म्हणजे स्वतःच्या घरासाठी विहीर खणली तर ते आर्थिक कार्य, गोधडी शिवली तर नाही. रोजगारविषयक पाहण्यांत व 2017-18 पासून सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल पाहणीत ‘93’ हा एक संकेतांक आहे. घरकाम सांभाळून सरपण, भाजीपाला, वैरण गोळा करणाऱ्या, तसेच घरच्या वापरासाठी शिवण, विणकाम इत्यादी करणाऱ्या व्यक्तींना तो दिला जातो. गोधडी शिवणारी स्त्री येथे येते, आणि या संकेतांकाखालील व्यक्ती श्रमबलाबाहेर गणल्या जातात. गंमत अशी, की तिचे काम यादीत नाव घेऊन नोंदविलेले आहे. नाकारण्यापूर्वी ते नीट पाहिलेले आहे.

वेळेच्या वापराच्या पाहण्यांनी यात काही सुधारणा केली, हे मान्य केले पाहिजे. 1998-99 मधील पहिली प्रायोगिक पाहणी सहा राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. 2019 च्या देशव्यापी पाहणीत विनामोबदला घरगुती सेवांत सहभागी स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे व पुरुष 97 मिनिटे देतात, असे आढळले. 2024 च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे 289 व 88 आहेत. त्या पाहण्यांच्या वर्गीकरणात स्वोपभोगासाठी वस्त्रे करणे हा एक वर्ग आहे आणि कपड्यांची निगा व दुरुस्ती हा दुसरा. पहिला वर्ग उत्पादनाचा, दुसरा सेवेचा. मग जुनी गोधडी पोटात घेऊन नवी शिवणे कोणत्या वर्गात घालावयाचे? जुनी टिकविली म्हणून दुरुस्ती, की नवी झाली म्हणून उत्पादन? शिवणारीला हा भेद ठाऊक नाही, आणि तिच्या दृष्टीने तो नाहीच. शिवाय हे काम क्वचितच एकटे चालते. पाळणा हलविणे, वाळवणावर लक्ष ठेवणे, शेजारणीशी बोलणे हे त्याबरोबरच होत असते. काल दिवसभर काय केले, असे विचारल्यास ती गोधडीचे नाव घेईलच असे नाही.

बाजारातील गोधडी

मोबदला घेऊन गोधडी शिवण्याची रीत नवी नाही. गावोगाव फिरून धान्य किंवा जुने कपडे यांच्या बदल्यात वाकळा शिवून देणाऱ्या भटक्या समाजांतील स्त्रिया जुन्या पिढीने पाहिलेल्या आहेत. आता शहरांतून ‘गोधडी शिवून मिळेल’ असे फलक दिसतात, बचत गटांच्या प्रदर्शनांत गोधड्या मांडल्या जातात, आणि परदेशी असलेल्या नातवंडांसाठी आजीच्या साड्यांची गोधडी करवून घेणारेही आहेत. हे स्वागतार्ह आहे, कारण संकेतांक 93 मधून बाहेर पडण्याचा तो एक मार्ग आहे.

परंतु येथे मोबदला बहुधा नगावर ठरतो, टाक्यावर नाही. ओळींतील अंतर अर्ध्या इंचावरून दीड इंचावर नेले, की धावदोरा 216 वारांवरून 72 वारांवर येतो, श्रम एकतृतीयांश होतात व नग तोच राहतो. घेणाऱ्याला हा फरक पहिल्या धुण्यापर्यंत कळत नाही. त्यात दाट टाका घालणारी कारागीर विरळ टाका घालणारीशी किमतीत स्पर्धा करू शकत नाही आणि हळूहळू तीही अंतर वाढविते. तिला दोष देणे योग्य होणार नाही. घरी शिवणारी व पांघरणारी एकच असल्याने ही अडचण उद्भवतच नव्हती. प्रस्तुत लेखिकेच्या मते गोधडीचा कामदर धावदोऱ्याच्या वारावर ठरविला पाहिजे व दोन ओळींतील अंतर विक्रीच्या चिठ्ठीवर लिहिले पाहिजे. गालिच्याची प्रत गाठींच्या घनतेवर ठरते, मग गोधडीची टाक्यांवर का ठरू नये? महाविद्यालयांचे गृहविज्ञान व वाणिज्य विभाग परिसरातील बचत गटांना एवढे मोजमाप सहज करून देऊ शकतील. त्यासाठी फूटपट्टी व एक दुपार पुरेशी आहे.

दुसरी अडचण द्रव्याची आहे. कृत्रिम धाग्यांच्या साड्या रूढ झाल्यापासून घरात जुने सुती कापड साठेनासे झाले. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, थरांत घसरते आणि मुख्य म्हणजे सुतासारखे वापराने मऊ होत नाही. ते जुने होते, पण मुरत नाही. त्यामुळे बाजारातील अनेक गोधड्या नव्या कापडाच्या असतात. त्या दिसावयास सुबक असल्या, तरी टाकाऊ कापडाला दुसरे आयुष्य देण्याचे जे आर्थिक कारण गोधडीच्या मुळाशी होते, ते त्यांत उरत नाही.

आजीच्या त्या गोधडीचा उसवलेला कोपरा नंतर प्रस्तुत लेखिकेने शिवला. जेमतेम वीतभर जागा होती. आजीचा टाका इंचाला चार भरला, लेखिकेचा दोन. त्या वीतभर जागेला अख्खी दुपार गेली, आणि वर्गीकरणाप्रमाणे पाहता ती दुपार कपड्यांची निगा व दुरुस्ती या सदरात, म्हणजे उत्पादनाच्या सीमेबाहेर जमा झाली.