पंचांगांतील चार दिवस

मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास येते हें आमच्या बालवाचकांसहि ठाऊक आहे. परंतु टिळक पंचांग पाळणाऱ्यांच्या घरीं तीच संक्रांत १० जानेवारीस असते. सूर्य तर एकच. मग हा फरक कां, आणि इतक्या विद्वानांना तो शंभराहून अधिक वर्षें कां मिटवितां आला नाहीं?

पूर्वीं महाराष्ट्रांत गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघव’ (शके १४४२) ग्रंथावरून पंचांगें होत. पुढें त्यांतील गणित आकाशाशीं जुळेनासें झालें, तेव्हां केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६५ सालीं नव्या गणितानें पंचांग सुरू केलें. ग्रहणाची वेळ डोळ्यांनीं पाहतां येते. तेथें आकाशच पंच होतें. त्या वादाचा निकाल लागला.

दुसऱ्या वादांत आकाश पंच होत नाहीं. राशिचक्र हें वर्तुळ. त्याचा आरंभ कोठें धरावा? छत्रे यांनीं रेवतीची योगतारा म्हणून मीन तारकापुंजांतील एक अंधुक तारा घेतली व तेथून आरंभ धरला. व्यंकटेश बापूजी केतकर यांचा पक्ष असा कीं, ठळक चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर मानून आरंभ काढावा. मौज ही कीं, सूर्यसिद्धान्तांत आधार दोघांनाहि सांपडतो: रेवती ३५९ अंश ५० कलांवर, चित्रा १८० अंशांवर. प्रत्यक्षांत हीं दोन्ही विधानें एकदम जुळत नाहींत; सुमारें चार अंशांचें अंतर पडतें. सूर्य दिवसाला जवळजवळ एक अंश चालतो, म्हणून संक्रांतींत चार दिवस. त्या चार दिवसांत अमावास्या आली तर अधिकमासहि निराळा पडतो, आणि एका घरीं दिवाळी झाली तरी शेजारीं ती महिनाभर दूर!

आम्हांस वैताग येतो तो येथें. रेवतीपक्षाच्या अभिमान्यास चित्रेचें वचन दाखवावें तर तो रेवतीचेंच वचन अधिक मोठ्यानें म्हणतो. चित्रापक्षाच्या अभिमान्याची तऱ्हा तीच. अर्धा ग्रंथ प्रत्येकाच्या हातीं, आणि दुसरा अर्धा ऐकावयास कान नाहीं. नाशिकहून त्र्यंबकेश्वराचें अंतर रामकुंडापासून मोजा कीं रेल्वे स्टेशनापासून. आंकडे निराळे येतील, देऊळ हालणार नाहीं. मोजणी कोठून करावयाची हें सर्वांनीं बसून ठरवावयाचें असतें, सिद्ध करावयाचें नसतें. एवढें मान्य झालें असतें तर निम्मी शाई वांचली असती.

१९०४ सालीं मुंबईस परिषद भरली, लोकमान्य टिळकांनीं त्यांत पुढाकार घेतला. तरी एकमत झालें नाहीं. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या समितीनें १९५५ च्या अहवालांत धार्मिक पंचांगासाठीं चित्रेच्या बाजूचा आंकडा घेतला. बहुतेक पंचांगें आज त्याच बाजूचीं आहेत; टिळक पंचांग आपल्या जागीं आहे.

आम्हां नाशिककरांना हा प्रश्न परका नाहीं. गुरु सिंह राशींत आला म्हणजे येथें सिंहस्थ भरतो. परंतु गुरूची चाल मंद. चार अंश जावयास त्याला सरासरीनें दीड महिन्याहून अधिक काळ लागतो. तेव्हां गुरु सिंहेस कोणत्या दिवशीं गेला, ह्याचेंहि उत्तर हीं दोन पंचांगें निरनिराळें देतात.