बॅकस्विंगच्या माथ्यावरील मनगटाची स्थिती आणि तिची जाणीव : गोल्फच्या संदर्भात एक क्रीडाशास्त्रीय विवेचन

प्रास्ताविक

गोल्फ हा खेळ महाराष्ट्रात जुना असला तरी तो सर्वसामान्यांचा कधीच नव्हता. मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब स्थापन झाला. चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा आहे. चेंबूरच्या वस्त्यांत राहणाऱ्या कॅडींनी लोखंडी सळ्या वाकवून क्लब तयार केले आणि गल्लीबोळांतून प्लॅस्टिकच्या चेंडूने आपला स्वतंत्र खेळ उभा केला, हा या इतिहासाचा फारसा न लिहिला गेलेला भाग होय. पुण्याचे उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले. रत्नागिरी जिल्ह्यातील महाविद्यालयीन मैदाने मात्र प्रामुख्याने कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट यांचीच आहेत.

असे असूनही गोल्फमधील एका क्षणाचा अभ्यास येथील क्रीडाशिक्षकास उपयुक्त ठरतो. क्रिकेटमध्ये चेंडू हलता असतो. फटका चुकल्यास दोष चेंडूचा, खेळपट्टीचा की हाताचा, हे ठरविणे कठीण जाते. गोल्फचा चेंडू स्थिर असतो. त्यामुळे मनगटाने नेमके काय केले, ते तेथे उघडे पडते.

एक शब्द, तीन हालचाली

'मनगट वळव' ही सूचना मैदानावर नेहमी ऐकू येते. या एका क्रियापदात तीन भिन्न हालचाली दडलेल्या आहेत. पहिली, मनगट तळव्याच्या बाजूस अथवा हाताच्या पाठीच्या बाजूस मोडणे. दुसरी, हात अंगठ्याकडे अथवा करंगळीकडे कलणे. तिसरी हालचाल, म्हणजे हात पालथा वा उताणा होणे, वस्तुतः मनगटाची नसून कोपरापुढील हाताच्या दोन हाडांची आहे. विद्यार्थी यांपैकी कोणती हालचाल करील, याची शाश्वती सूचना देणाऱ्यासही नसते. (क्रिकेट समालोचनातील 'मनगटी फटका' हा शब्दप्रयोगही तितकाच मोघम आहे.)

उजव्या हाताने खेळणाऱ्या गोल्फपटूचा डावा हात बॅकस्विंगच्या माथ्यावर पोहोचतो, तेव्हा क्लब अंगठ्याच्या दिशेने उचललेला असतो. ही दुसरी हालचाल आवश्यकच आहे. फटक्याचा वेग बऱ्याच अंशी तीतून मिळतो. वाद आहे तो पहिल्या हालचालीविषयी. मनगट पाठीकडे मोडले तर क्लबचे तोंड उघडते आणि चेंडू उजवीकडे जाण्याचा संभव वाढतो. ते तळव्याकडे मोडले तर तोंड मिटते आणि चेंडू डावीकडे वळू पाहतो. हाताची पाठ व पुढचा हात एका रेषेत असेल तर, पकड सर्वसाधारण असल्यास, तोंड मध्यम स्थितीत राहते. त्याच वेळी उजवे मनगट, हातावर परात तोलून धरावी तसे, पाठीकडे मोडलेले असते.

येथे एक शरीररचनात्मक अडचण आहे. मनगटातील आठ लहान हाडांची मांडणी अशी आहे की हात अंगठ्याकडे उचलला जाताना तो सहजपणे पाठीकडेही मोडतो आणि खाली येताना करंगळीकडे व तळव्याकडे जातो. कोयत्याने फांदी तोडणारा किंवा हातोडी चालविणारा हात याच तिरक्या मार्गाने जातो. म्हणजेच माथ्यावर मनगट पाठीकडे मोडणे हा नवशिक्याचा निष्काळजीपणा नसून हाताची स्वाभाविक सवय आहे. कोकणातील जो विद्यार्थी लहानपणापासून कोयता हाताळत आला, त्याला 'मनगट सरळ ठेव' असे सांगणे म्हणजे या सवयीच्या विरुद्ध वागण्यास सांगणे होय. सूचना बरोबर असली तरी ती सोपी नाही, हे शिक्षकाने आधी मान्य केले पाहिजे.

आदर्श स्थिती एकच आहे काय?

बेन होगन या अमेरिकन खेळाडूस चेंडू अतिरिक्त डावीकडे वळण्याचा त्रास होता. १९५५ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात त्याने आपले 'रहस्य' प्रसिद्ध केले : पकड थोडी बदलणे आणि माथ्यावर डावे मनगट किंचित पाठीकडे मोडणे. याउलट डस्टिन जॉन्सन याचे मनगट माथ्यावर ठळकपणे तळव्याकडे मोडलेले दिसते. त्याने २०१६ मध्ये यू. एस. ओपन आणि २०२० मध्ये मास्टर्स स्पर्धा जिंकली. म्हणून मनगटाची स्थिती सुटी पाहून चालत नाही. पकड आणि खाली येताना होणारे शरीराचे वळण यांच्याशी तिचा मेळ तपासावा लागतो. होगनचा उपाय होगनच्या दोषावर होता. चेंडू आधीच उजवीकडे जाणाऱ्या नवशिक्याने तो उचलल्यास त्याचा दोष वाढेल.

जाणीव आणि वास्तव

माथ्यापासून चेंडूपर्यंतच्या प्रवासास सुमारे पाव सेकंद लागतो; क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श तर सुमारे अर्धा मिलिसेकंदच टिकतो. चूक जाणवून ती जाणीवपूर्वक दुरुस्त करण्यास हा अवधी पुरत नाही. खेळाडूस स्वतःच्या स्थितीची दखल घेता येईल असा अखेरचा टप्पा म्हणजे माथा. परंतु तेथे हात नजरेआड असतात. उरते ती केवळ अंतःसंवेदना.

ही संवेदना कितपत विश्वसनीय आहे? स्नायूंतील संवेदकांना फसविता येते, हे १९७२ मध्ये गुडविन, मॅक्क्लोस्की व मॅथ्यूज यांनी दाखविले. स्नायूच्या कंडऱ्यास कंपन दिल्यास, हात स्थिर असूनही तो हलत असल्याचा भास होतो. मैदानावरील फसगत याहून साधी असते. वर्षानुवर्षे पाठीकडे मोडलेले मनगट खेळाडूस 'सरळ' वाटते. ते खरोखर सरळ केले की तळव्याकडे फारच वाकल्यासारखे वाटते आणि तो लगेच जुन्या जागी परततो. शिक्षक म्हणतो 'सरळ', विद्यार्थ्यालाही सरळच वाटत असते, आणि तरीही दोघांचे जमत नाही. अशा वेळी विद्यार्थ्यास हट्टी वा मंद ठरविण्याची घाई होते. त्यातून एखादा मुलगा खेळच सोडतो.

यावर एक स्वस्त साधन उपलब्ध आहे. डाव्या हातमोज्याच्या पाठीमागे ३० सें.मी.ची फूटपट्टी अशी खोचावी की तिचे वरचे टोक मनगटापलीकडे पुढच्या हातावर टेकेल. मनगट पाठीकडे मोडल्यास पट्टी हातावर रुतते, तळव्याकडे मोडल्यास तिचे टोक उचलले जाते आणि केवळ अंगठ्याकडे कलल्यास ती बाजूला सरकते. तीन हालचालींतील भेद येथे शब्दांवाचून कळतो. सराव संथ, माथ्यावर थांबून आणि चेंडूविना करावा. त्यानंतर पट्टी काढून मोबाइलवर चित्रीकरण करावे. मात्र ते दाखविण्यापूर्वी मनगट कोणत्या स्थितीत होते, हे विद्यार्थ्यासच सांगावयास लावावे. त्याचे सांगणे आणि चित्रातील स्थिती सलग काही वेळा जुळू लागल्यावरच चेंडू समोर ठेवावा.