स्कॅनची सीडी मागून घ्या

समजा, रोह्याच्या सासूबाईंचं सीटी स्कॅन पेणला झालं आणि पुढे मुंबईला दाखवायला सांगितलं. तिथल्या कॉम्प्युटरवर ते उघडेल का? आज उघडतं. पूर्वी मात्र प्रत्येक कंपनीचं मशीन आपल्याच पद्धतीने चित्र साठवायचं. एकाचं दुसऱ्याला वाचता येत नसे.

म्हणून १९८३ साली अमेरिकेतले क्ष-किरण तज्ज्ञ आणि मशीन बनवणारे एकत्र बसले. १९८५ साली सगळ्यांसाठी एक पद्धत ठरली. १९९३ पासून तिला ‘डायकॉम’ म्हणतात. आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ च्या आरोग्य नोंदींच्या नियमावलीत हीच पद्धत घेतली आहे.

डायकॉम फाईलमध्ये चित्राबरोबर रुग्णाचं नाव, वय, तारीख असते. एका स्कॅनमध्ये शेकडो चित्रं असू शकतात. उजेड कमी-जास्त करून डॉक्टर त्याच चित्रात कधी हाड, कधी फुप्फुस नीट बघतात. फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवला तर हे जमत नाही. नाव-गाव काढून टाकलं की हीच चित्रं देशोदेशीचे संशोधक एकमेकांना देतात आणि आजारांचा अभ्यास करतात.

तेव्हा स्कॅन झालं की रिपोर्टबरोबर डायकॉमची सीडी किंवा पेनड्राईव्ह मागा. त्यावर नाव, वय बरोबर आहे ना, ते तिथेच बघा. जुनी सीडी टाकू नका. आजार वाढला की कमी झाला, हे तिच्याशी ताडून कळतं. ती हरवली तर कदाचित पुन्हा स्कॅन, पुन्हा खर्च आणि अंगावर पुन्हा किरणं.