एकाच गिऱ्हाइकाची नोकरी

नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा कारखाना १९६० च्या दशकात मिग विमानांसाठी उभा राहिला. तिथे नोकरी लागली की आयुष्याची ददात मिटली, हा समज निराधार नाही. पगार, औषधपाणी, निवृत्तीनंतरची तरतूद यांची हमी मोठी आहे. शिवाय शिकायला मिळते ते वेगळेच. रशियाच्या परवान्याने एचएएलने २२२ सुखोई बांधली, त्यांची जुळणी ओझरची. मिलिमीटरच्या अंशाचीही चूक न चालणाऱ्या या कामात प्रत्येक भागाची तपासणी होते आणि तिची नोंद राहते. ही शिस्त अंगी बाणलेला फिटर किंवा अभियंता कुठेही उणा पडत नाही. पण या नोकरीचे बळ आणि तिची दुखरी नस एकाच ठिकाणी आहे: गिऱ्हाईक जवळजवळ एकच, आणि ते म्हणजे सरकार.

या गिऱ्हाइकाने हात आखडला की झळ थेट पगारापर्यंत पोचते. २०१८-१९ मध्ये हवाई दलाकडचे येणे थकले, तेव्हा पगार भागवण्यासाठी कंपनीला कर्ज काढावे लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये वेतनकराराच्या प्रश्नावर कामगार संपावर गेले. सुखोईची मागणी संपत आली, तशी ओझरला पुढच्या कामाची चिंता लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा सुमारे ४८,००० कोटी रुपयांचा करार झाला, पण अमेरिकी इंजिने उशिरा आली आणि विमाने रखडली. ओझरला बांधलेले पहिले तेजस ऑक्टोबर २०२५ मध्ये उडाले. कामगाराच्या हातात कसब असले, तरी कामाची गती दिल्लीतली फाइल आणि परदेशातला पुरवठादार ठरवतात.

यावर कोणी म्हणेल, सरकार असा कारखाना बुडू देणार नाही, आणि कपात तर आयटीतही होते. दोन्ही खरे आहे. कायम कामगाराला हे छत्र मिळते. कंत्राटी कामगाराला आणि सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगाला मात्र मिळत नाही, मंदीचा पहिला फटका त्यांनाच बसतो. आयटीतला माणूस निदान आपले काम दाखवून दुसरे दार ठोठावू शकतो. इथे गोपनीयतेमुळे केलेले बरेचसे काम सांगताही येत नाही. आणि शस्त्र कुठे, कुणावर वापरायचे, हा निर्णयही गिऱ्हाइकाचाच असतो. ज्याच्या मनाला हे पटत नाही, त्याने रुजू होण्याआधीच विचार करावा. आत गेल्यावर त्याला त्यात मत नसते.

म्हणून अशी नोकरी टाळावी असे नाही. देशाला हे कसब हवेच आहे. पण उमेदवाराने पगाराच्या आकड्याइतकेच कंपनीच्या हाती किती वर्षांचे काम आहे ते पाहावे, नेमणूक कायम की कंत्राटी ते विचारावे, आणि बाहेरही चालेल असे एखादे कौशल्य सतत वाढवत राहावे.