नवा मोबाईल घेण्याआधी हे तपासा. जुना फोनही आणखी दोन वर्षे चालू शकतो

ग्रामीण प्रतिनिधी : खरिपाची ई-पीक पाहणी करायला शेतकरी गटात जाऊन उभा राहतो, ॲप उघडतो आणि फोन सांगतो, ‘जागा शिल्लक नाही’. मग घाईघाईत तालुक्याच्या दुकानात जाऊन दुकानदार देईल तो फोन हप्त्यावर घेतला जातो. पीक पाहणी, बँक, पिकांचे बाजारभाव, मुलांचा अभ्यास सगळं आता मोबाईलवर आलं आहे. त्यामुळे फोन लागतोच. पण दर वेळी नवाच लागतो असं नाही.

आधी आहे तो फोन हलका करा

बहुतेक जुने फोन बिघडलेले नसतात, भरलेले असतात. सगळ्यात जास्त जागा व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आणि व्हिडिओ खातात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये आपोआप डाउनलोड होणं बंद करावं आणि आलेला पसारा काढून टाकावा. फेसबुकसारखी जड ॲप काढून तेच ब्राउझरमध्ये उघडता येतं, काही अडत नाही. चार्जिंग टिकत नसेल तर फोन बदलण्याआधी बॅटरी बदलून पाहावी. ती फोनच्या मानाने खूप स्वस्त पडते.

घ्यायचाच असेल तर काय पाहावं

कॅमेरा किती मेगापिक्सलचा हे दुकानात सगळे विचारतात. अपडेट किती वर्षे मिळणार हे कोणी विचारत नाही, आणि फोनचं आयुष्य त्यावरच ठरतं. अपडेट बंद झाले की सुरक्षेतली भोकं बुजत नाहीत आणि पुढे एकेक ॲप जुन्या अँड्रॉइडवर चालायचं थांबतं. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडलं की अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती फार जुनी असेल तर स्वस्त मिळतो म्हणून तो फोन घेऊ नये. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा याच्या खाली शक्यतो जाऊ नये. गावात ५जीची रेंजच नसेल तर त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

जुना फोन घेताना दोन गोष्टी नक्की कराव्यात. पहिली, *#०६# दाबावं म्हणजे १५ आकडी आयएमईआय नंबर दिसतो. इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘केवायएम’ लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करावा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही ही तपासणी होते. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ आलं तर तो फोन घेऊ नये. दुसरी, जुन्या मालकाने आपलं गुगल अकाउंट समोर काढून द्यावं. नाही तर फोन रिसेट केल्यावर तो त्याच अकाउंटचा पासवर्ड मागतो आणि हातात नुसतं खोकं राहतं. पावतीही मागून घ्यावी.

मोठ्या कंपन्यांशिवायची ॲप

गुगल आणि फेसबुकवाल्यांची ॲप फुकट वाटतात, पण त्या बदल्यात आपली माहिती जाते आणि जाहिरातींत डेटा जळतो. याला पर्याय आहेत आणि तेही फुकट. ‘ऑरगॅनिक मॅप्स’वर आपल्या भागाचा नकाशा एकदा उतरवून घेतला की रेंज नसतानाही जीपीएसवर रस्ता दिसतो. वाडी-वस्तीचे काही रस्ते त्यात नसतात, पण हा नकाशा ‘ओपनस्ट्रीटमॅप’चा असल्याने ते कोणालाही भरता येतात. ‘फायरफॉक्स’ ब्राउझरमध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ बसवलं की जाहिराती थांबतात आणि डेटा वाचतो. व्हिडिओसाठी ‘व्हीएलसी’ आहे. निरोपासाठी ‘सिग्नल’ आहे, ते ना-नफा संस्था चालवते. मात्र गाव सगळं व्हॉट्सॲपवर असेल तर एकट्याने सिग्नल घेऊन उपयोग नाही, घरच्यांनी मिळून घ्यावं.

अशी खुली ॲप ‘एफ-ड्रॉइड’ नावाच्या भांडारात मिळतात. हे भांडार प्ले स्टोअरवर नसतं, त्याच्या वेबसाइटवरून घ्यावं लागतं. त्यासाठी फोन ‘अनोळखी ॲप’ची परवानगी मागतो. इथेच सावध राहावं. काम झालं की ब्राउझरची ती परवानगी लगेच बंद करावी. पीएम किसानचा हप्ता, वाहनाचं चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल कधीच उघडू नये. तिच्यातून फोनचे मेसेज वाचले जातात, ओटीपी जातो आणि खातं रिकामं होतं.

‘लिनिएज’ टाकावं का?

अपडेट बंद झालेल्या काही फोनवर ‘लिनिएजओएस’ ही खुली प्रणाली टाकून ते पुन्हा कामाला आणता येतात. पण ती प्रत्येक मॉडेलला चालत नाही, टाकताना फोनमधलं सगळं पुसलं जातं आणि बँकेची काही ॲप तिच्यावर उघडत नाहीत. म्हणून घरात पैशाच्या व्यवहाराचा एकच फोन असेल तर त्यावर हा प्रयोग करू नये. पोरांच्या अभ्यासाला दिलेल्या जुन्या फोनवर करायला हरकत नाही.

ज्यांना फक्त बोलायचं आणि पैसे पाठवायचे आहेत, त्यांना स्मार्टफोनची सक्ती नाही. साध्या बटणाच्या फोनवर *९९# दाबून शिल्लक पाहता येते, पैसेही पाठवता येतात. २०२२ पासून ‘यूपीआय १२३ पे’ची सोयही आहे. म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी ते पुरेसं आहे.

पीक पाहणीची मुदत तोंडावर आल्यावर फोन शोधत बसण्यापेक्षा पेरणी उरकली की एक संध्याकाळ काढावी, फोन साफ करावा, अपडेटची तारीख पाहावी आणि मगच दुकानाची पायरी चढावी.