नवं मॉडेल येतंय म्हणे!

मराठीत ‘म्हणे’ हा फार सोयीचा शब्द आहे. वाक्याच्या शेवटी तो लावला की बोलणाऱ्याची जबाबदारी संपते. ‘त्यांच्या मुलाचं जमलं म्हणे’, ‘उद्यापासून पाणीकपात आहे म्हणे’, ‘आपली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय म्हणे’. उपनगरातल्या कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी दहा मिनिटे उभे राहिले, तर अशी डझनभर वाक्ये कानावर पडतात. गेल्या काही वर्षांत त्यांत एका वाक्याची भर पडली आहे, ‘लॅपटॉप आत्ता घेऊ नका, नवं मॉडेल येतंय म्हणे!’

बारावीचे निकाल लागले आणि कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत आणि मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत घरोघरी ही चर्चा रंगते. मुलाला किंवा मुलीला तो सडपातळ, रुपेरी लॅपटॉप हवा असतो. मॅकबुक एअर. बाबांनी फिक्स्ड डिपॉझिट मोडायची तयारी केलेली असते. तेवढ्यात कोणीतरी आतेभाऊ किंवा शेजारचा इंजिनीअर मुलगा सांगतो, ‘काका, दोन महिने थांबा.’ काका थांबतात. दोन महिन्यांनी दुसरा कोणी म्हणतो, ‘इतके थांबलात, आता आणखी थोडे थांबा.’

ही वस्तू जन्मापासूनच उत्कंठेवर वाढलेली आहे. १५ जानेवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यासपीठावर स्टीव्ह जॉब्झ यांनी एक कागदी पाकीट हातात घेतले आणि त्यातून पहिली मॅकबुक एअर बाहेर काढली. आमच्या बँकेत शाखेची टपाल ज्यातून हेड ऑफिसला जात असे, तसलेच ते साधे पाकीट. वजन १.३६ किलो, जाडी सर्वांत जाड जागी १.९४ सेंटिमीटर, किंमत १,७९९ डॉलर. त्या पाकिटाने जगाला जणू एक सवयच लावली. पुढच्या पाकिटात काय असेल?

पाकीट उघडण्याआधीच आतला मजकूर ओळखण्याचा आता एक स्वतंत्र धंदा झाला आहे. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. पडदे, बॅटऱ्या, सुटे भाग बनवणारे कारखाने आशियात पसरलेले आहेत. त्यांच्या मागणीत चढउतार झाला की बाजाराचे विश्लेषक अंदाज बांधतात. नवे यंत्र विकण्याआधी काही देशांत सरकारदरबारी नोंद करावी लागते. त्या कागदांत अनोळखी क्रमांक दिसला की बातमी होते. कंपनीच्याच एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये पुढच्या यंत्राचे नाव चुकून राहून जाते. आणि दुकानात जुना माल संपत आला, की ‘आता नवा येणार’ असे निदान होते. यातले काही अंदाज खरे ठरतात, हे कबूल केलेच पाहिजे. पण धूर दिसला म्हणून पानावर कधी वाढतील, हे सांगता येत नाही.

आता तारखांचा हिशेब पाहू. एम-वन चिप असलेली एअर नोव्हेंबर २०२० मध्ये आली. एम-टूची एअर जुलै २०२२ मध्ये दुकानांत पोचली, म्हणजे वीस महिन्यांनी. एम-थ्री मार्च २०२४ मध्ये, पुन्हा वीस महिन्यांनी. मग जाणकारांनी वीस महिन्यांचे सूत्र मांडले असेल, तर एम-फोरने ते मोडले. ती बारा महिन्यांतच, मार्च २०२५ मध्ये आली. भारतातल्या किमती तर आणखी गमतीच्या. एम-वन एअर ९२,९०० रुपयांना आली, एम-टू १,१९,९०० ला, एम-थ्री १,१४,९०० ला आणि एम-फोर ९९,९०० ला. म्हणजे पहिली सोडून दुसरीसाठी जो थांबला, त्याला २७,००० रुपये जास्त मोजावे लागले. तिसरी सोडून चौथीसाठी जो थांबला, त्याचे १५,००० वाचले. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस तर कंपनीने कसलाही गाजावाजा न करता चालू मॉडेलांची मेमरी त्याच किमतीत ८ ची १६ जीबी केली. आदल्या आठवड्यात घेणाऱ्यांनी कोणाकडे दाद मागायची?

आणि काही जण तर थांबलेलेच राहिले. २०१५ मध्ये ॲपलने एअरहूनही बारीक, ९२० ग्रॅम वजनाचे, बारा इंची मॅकबुक आणले. २०१६ आणि २०१७ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. पुढची सुधारणा येणार म्हणून जे थांबले, त्यांच्यासाठी जुलै २०१९ मध्ये बातमी आली ती ते मॉडेलच बंद झाल्याची. भरवशाच्या म्हशीला टोणगा, तो असा.

कंपन्या तरी आधी का सांगत नाहीत, असे एखाद्याला वाटेल. त्यामागे एक जुनी कथा आहे, आणि तिच्या नायकाचे बालपण आपल्याकडे, तमिळनाडूत गेले होते. ॲडम ऑस्बोर्न यांनी एप्रिल १९८१ मध्ये उचलून नेता येणारा संगणक विकायला काढला. वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंची, किंमत १,७९५ डॉलर. (पहिल्या एअरपेक्षा फक्त चार डॉलर कमी! सत्तावीस वर्षांत किंमत जागेवर राहिली आणि वजन तेवढे उतरले.) यंत्र तुफान खपले. मग १९८३ मध्ये, पुढचे सुधारित यंत्र तयार होण्याआधीच त्याची वाच्यता झाली. गिऱ्हाइके थांबली, विक्री बसली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने दिवाळे काढले. कंपनी बुडण्याची इतरही कारणे होती, असे अभ्यासक सांगतात. पण व्यापारजगताने धडा घेतला तो एवढाच की, उद्याच्या मालाबद्दल आज तोंड उघडू नये. कंपनी गप्प राहते, आणि त्या शांततेत ‘म्हणे’ वाढतो.

सरकारही कधीकधी या ‘म्हणे’ला खतपाणी घालते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल असे जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, आणि शेवटी बरीच सौम्य व्यवस्था आली. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर उतरले, तेव्हा लॅपटॉपही स्वस्त होणार या आशेने कितीतरी घरे थांबली होती. मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप १८ टक्क्यांवर होता, तिथेच राहिला.

माझ्या वयाच्या वाचकांना थांबण्याचे नवल नाही. आमची अर्धी हयात रांगेत गेली. बजाजच्या स्कूटरसाठी लोक आठआठ, दहादहा वर्षे थांबत. टेलिफोनसाठी अर्ज केलेल्या बापाच्या मुलाचे लग्न होई, तेव्हा कुठे घरात यंत्र वाजे. अंधेरीत सीप्झ १९७३ मध्ये सुरू झाले. तिथली इलेक्ट्रॉनिक वस्तू परदेशी जाई आणि कुंपणाबाहेरचा माणूस साध्या रेडिओच्या दुरुस्तीसाठी लॅमिंग्टन रोड गाठे. पण त्या थांबण्यात आणि आजच्या थांबण्यात एक मोठा फरक आहे. तेव्हा आपल्या हातात नंबर असे. पावतीचा कागद कपाटात जपून ठेवलेला असे, आणि कितीही हळू का होईना, तो नंबर पुढे सरकत असे. वस्तू नव्हती म्हणून आपण थांबत होतो. आज वस्तू समोर काचेत मांडलेली आहे, पैसे खात्यात आहेत, तरी आपण थांबतो. या रांगेत नंबर नाही, आणि तिला शेवटही नाही. कारण नवे मॉडेल आले त्याच दिवशी त्याच्या पुढच्याची चर्चा सुरू होते.

आमच्या ओळखीच्या एका घरातली हकिगत सांगतो. मुलगी अंधेरीच्या एका कॉलेजात मास मीडिया शिकते. तिच्या आजीला जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ. आजी आणि आजीची धाकटी बहीण, दोघी मिळून म्हणायच्या. एकीला ओळ आठवली नाही तर दुसरी उचलून धरायची. मुलीने २०२४ च्या मे महिन्यात गावी जाऊन दोघींचे तासन् तास चित्रण केले. आजीचे सहस्रचंद्रदर्शन डिसेंबरात होते. त्या दिवशी अर्ध्या तासाची फिल्म सगळ्या नातेवाइकांना दाखवायची, असे ठरले. घरचा जुना संगणक एवढे चित्रण उघडतानाच धापा टाकायचा. म्हणून जुलैत एअर घ्यायची ठरली. आणि तेव्हाच कोणीतरी ते वाक्य उच्चारले. एम-फोर येतेय म्हणे.

ऑक्टोबरात मेमरी वाढली, तेव्हा ‘बघ, थांबलो ते बरे झाले’ असे घरात म्हटले गेले. आता एम-फोरसाठीच थांबू, असेही. डिसेंबरात कार्यक्रम झाला, जेवणे झाली, फोनवरचे दोन तुकडे टीव्हीला जोडून दाखवले. ‘नव्या लॅपटॉपवर नीट करते, मग सगळ्यांना बोलावू,’ असे मुलगी म्हणाली. जानेवारीत आजीची बहीण गेली. मार्चमध्ये लॅपटॉप आला, १५,००० रुपयांनी स्वस्त आणि दुप्पट मेमरीचा. एप्रिलात फिल्म पुरी झाली. सुंदर झाली आहे, मी पाहिली आहे. आजी ती पाहतात; पण बहिणीचा आवाज आला की मान वळवतात आणि थोड्या वेळाने उठून आत जातात.

यात कोणाचा दोष होता असे मला म्हणायचे नाही. थांबण्याचा सल्ला पैशाच्या बाबतीत तर अचूकच ठरला. पण बँकेत उमेदीची वर्षे गेल्यामुळे मला दोन्ही बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. जुलै ते मार्च हे आठ महिने. १५,००० भागिले आठ म्हणजे महिन्याला १,८७५ रुपये, दिवसाला साधारण बासष्ट. जमेच्या बाजूला हे रोजचे बासष्ट रुपये. नावे बाजूला काय मांडायचे, ते आजींना विचारावे लागेल.

खतावणीची एक मर्यादा आहे. यंत्र झिजते त्याचा घसारा तिच्यात मांडता येतो. प्राप्तिकराच्या नियमांनी संगणकाला वर्षाला ४० टक्के घसारा धरला आहे. म्हणजे लाखाचे यंत्र वर्षाने साठ हजारांचे, दोन वर्षांनी छत्तीस हजारांचे, तीन वर्षांनी एकवीस हजार सहाशेचे. हा आकडा पाहून नव्याची वाट बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो, ते स्वाभाविक आहे. पण न घेतलेल्या यंत्राच्या काळात जे काम राहून जाते, त्याच्या घसाऱ्याला कुठल्याच नियमात दर नाही. कॉलेजची तीन वर्षे हीसुद्धा झिजणारीच मालमत्ता आहे, आणि ती पुन्हा नव्या मॉडेलात येत नाही.

बँकांच्या संगणकीकरणाचेच पाहा. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. त्यानंतर शाखांमध्ये खतावणीची यंत्रे आली, जिला आम्ही एएलपीएम म्हणायचो. मग पूर्ण शाखा संगणकावर गेली, आणि पुढे सगळ्या शाखा एकमेकींशी जोडणारी कोअर बँकिंगची व्यवस्था आली. प्रत्येक यंत्र काही वर्षांत जुने झाले. पण म्हणून कोअर बँकिंग येईपर्यंत पेन आणि जाड लेजरांवरच बसू, असे ठरवले असते, तर पेन्शनरांच्या रांगा तेवढी वर्षे तशाच राहिल्या असत्या. जुने होणार हे ठाऊक असूनच यंत्रे घेतली गेली, आणि जुनी होईपर्यंत त्यांनी काम केले.

मग थांबूच नये का? तसे नाही. घरातला लॅपटॉप चालतो आहे, काम अडलेले नाही, तर खुशाल थांबावे. महिनाभरात दसऱ्याची सवलत येणार असेल, तर महिनाभर कळ काढण्यात शहाणपणच आहे. फक्त थांबण्याला तारीख हवी, आणि ती कंपनीच्या मनातली नको, आपल्या कामाची हवी. परीक्षा कधी आहे, प्रकल्प कधी द्यायचा, नोकरी कधी सुरू होणार, आजींचे सहस्रचंद्रदर्शन कधी. त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी दुकानात जे उत्तम आणि परवडणारे असेल, ते घ्यावे आणि पुढे सहा महिने या विषयावरच्या बातम्या वाचू नयेत.

आपल्या वाडवडिलांनी साडेतीन मुहूर्त काढून ठेवले, त्यात मला हाच व्यवहार दिसतो. त्या दिवशी पंचांग उघडायचे नाही, कोणाला विचारायचे नाही, दोन महिन्यांनी सोने उतरेल का याचा काथ्याकूट करायचा नाही. आज दिवस चांगला आहे, घ्या आणि वापरायला लागा. पितृपक्षात खरेदी थांबवायची, पण पंधराच दिवस. सर्वपित्री अमावास्या झाली की थांबणे संपले. थांबण्यालाही त्यांनी शेवट दिला होता.

कुठले मॉडेल घ्यायचे, ते दुकानदार सांगेल. शेजारचा इंजिनीअर मुलगाही सांगेल, आणि बहुधा बरोबर सांगेल. त्यावर काय करायचे आहे आणि ते कोणाला कधी दाखवायचे आहे, हे मात्र घरातल्यांनीच बसून ठरवावे लागते. ते एकदा ठरले, की ‘येतंय म्हणे’ला ‘येऊ दे की!’ एवढेच उत्तर पुरते.