काचेला घाई चालत नाही

पंचवीसेक वर्षांपूर्वी गावोगावी ‘ग्लास पेंटिंग’च्या क्लासची लाट आली होती, आठवतंय ना? मीही होते त्यात. काळ्या लायनरनं मोर काढायचा, आत रंग भरायचे, की झाली आपली काचकला! आमच्या संभाजीनगरच्या घरात तो मोर अजून भिंतीवर आहे. पण काच मात्र गुलमंडीवरून कापून आणलेली. तिला मी घडवलं कुठं होतं?

हे उमगलं तेरला. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातले मणी पाहिले. काचेचे, इवलेसे. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी विस्तवापाशी बसून ते केले असणार. बाई असेल का ती?

पुढं काच कारखान्याची झाली. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये ओगल्यांचा कारखाना निघाला. त्यांचा प्रभाकर कंदील माझ्या आजोळीही होता. काच म्हणजे मोठी भट्टी आणि खूप माणसं, एकट्यादुकट्या कलावंताचं ते काम नव्हे, असंच जग धरून चाललं होतं. १९६२ मध्ये अमेरिकेत टोलेडोच्या कलासंग्रहालयाच्या आवारात हार्वे लिटलटन या सिरॅमिकच्या प्राध्यापकानं छोटी भट्टी उभारली. पहिली काच काही जमेना. मग डॉमिनिक लॅबिनो या काचतज्ज्ञानं तयार काचेच्या गोट्या वितळवायला सुचवलं आणि काम झालं. ‘स्टुडिओ ग्लास’ची चळवळ तिथून फोफावली.

मलाही सुरसुरी आली. ओळखीतल्या एकीची सिरॅमिकची विजेची भट्टी होती. बाटलीचे आणि खिडकीच्या काचेचे तुकडे रचले. आठशे अंशांच्या आसपास मस्त एकजीव झाले. मला कुठला धीर! लवकर झाकण उघडलं. टिंग! दोन तुकडे.

सासूबाई म्हणाल्या, “बांगडी असती तर ‘वाढवली’ म्हटलं असतं, ही फुटलीच गं.”

नंतर कारण कळलं. बाहेरची काच आधी आकसते, आतली गरमच असते, त्या ओढाताणीत तडा जातो. म्हणून पाचशे अंशांच्या जरा वर तिला थांबवून ठेवायचं, मग अगदी सावकाश उतरवायचं. वस्तू जाड असेल तर दिवसच्या दिवस लागतात. शिवाय दोन जातींच्या काचा सारख्या आकसतीलच असं नाही. (जावाजावांसारखंच!)

दुसऱ्या खेपेला एकाच बाटलीचे तुकडे घेतले आणि झाकणाला दोन दिवस हात लावला नाही. निघाली एक हिरवी, बुडबुड्यांची, जरा वाकडी ताटली.

“एवढ्याशा ताटलीला एवढी वीज?” असं म्हणणाऱ्या सासूबाई आता तिच्यातच सुपारी ठेवतात.